सरड्याचं कपाट

माणसाच्या घरातून सगळ्यात शेवटी काय बाहेर पडत असेल, तर जुनं कपाट. भाडेकरू जातो, प्रसंगी घरमालकही जातो, कपाट जात नाही. आमच्या बँकेत फर्निचरवर दरवर्षी घसारा काढतात. होता होता कपाटाची पुस्तकी किंमत एक रुपयावर येते, आणि मग ते एक रुपयाचं कपाट पुढली वीस वर्षं जागचं हलत नाही. जगात मात्र काही हिकमती लोक अशा कपाटांना नवा भाडेकरू मिळवून देतात. तो भाडेकरू म्हणजे सरडा. कधी कधी सापसुद्धा!

हसू नका. या धंद्याला जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो बहुतेक सगळा टाकाऊतून टिकाऊचाच इतिहास आहे.

सुरुवात झाली एका बाटलीपासून. लंडनमध्ये नॅथॅनियल वॉर्ड नावाचे एक डॉक्टर होते. त्यांना नेच्यांची झाडं लावायची भारी हौस. पण गोदीजवळची वस्ती, कोळशाचा धूर, झाडं काही जगेनात. १८२९ च्या सुमारास त्यांनी पतंगाचा एक कोष ओलसर मातीत घालून बाटलीत बंद करून ठेवला. त्यातून पतंग निघायचा तेव्हा निघो, आधी मातीतून नेचा उगवला! वॉर्डसाहेबांनी ताडलं, की धूर बाहेर आणि ओलावा आत राहिला तर झाड सुखाने जगतं. त्यांनी काचेच्या पेट्या करवल्या. १८३३ साली अशा पेट्यांतून झाडं जहाजाने थेट सिडनीला गेली आणि जिवंत पोचली. पुढे ही पेटी इंग्रजांच्या दिवाणखान्यातलं फर्निचरच होऊन बसली. मग त्यात कुणी बेडूक ठेवला, कुणी सरडा. रिकामी जागा दिसली की माणसाला राहवत नाही, हा अनुभव आपल्याला बिऱ्हाड बदलताना येतोच.

सरकारी थाटाची घरबांधणी झाली १८४९ मध्ये. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने जगातलं पहिलं सर्पगृह उघडलं. उघडलं म्हणजे काय, तर वाघसिंहांचं जुनं घर डागडुजी करून सापांना दिलं. साहेबाची केबिन रिकामी झाली की तिथे स्टेशनरी भरतात, त्यातलाच प्रकार. पण घर दिलं म्हणजे संसार होत नाही. साप-सरड्यांना अंगची ऊब नसते. ती त्यांना बाहेरून, उन्हातून घ्यावी लागते. लंडनमध्ये ऊन म्हणजे आमच्या बोनससारखं, त्याच्या बातम्याच फार! तेव्हा सापांना पांघरायला चक्क घोंगड्या दिल्या. १८५१ साली एका अजस्र बोआ सापाने ती घोंगडी गिळून टाकली, आणि महिनाभराने परत केली. (कर्जदारांनी यातून बोध घेण्यासारखा आहे.) लोक हसले, पण खरा मुद्दा निराळाच आहे. पांघरूण ऊब तयार करत नाही, असलेली धरून ठेवतं. ज्याच्या खात्यात शिल्लकच नाही, त्याला नुसतं पासबुक देऊन काय उपयोग?

दुसरा धडा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. १८५२ च्या ऑक्टोबरमध्ये या सर्पगृहाचा रखवालदार एडवर्ड गर्लिंग रात्रभर मित्रमंडळींत जागून, पिऊन सकाळी कामावर आला आणि गमतीगमतीत नाग हातात घेऊन खेळू लागला. नाग नाकावर डसला. काही तासांतच माणूस गेला. तेव्हा सर्पदंशावरचं प्रतिविष जगात कुठेच नव्हतं. पिंजऱ्याला कुलूप होतं. पण किल्ली त्या सकाळी ज्याच्या हातात होती, तो शुद्धीवर नव्हता. तिजोरीला दोन किल्ल्या आणि त्या दोन माणसांकडे ठेवण्याचा जो नियम आम्हाला रोज जाच वाटतो, त्याची किंमत अशा वेळी कळते.

ऊब आणि कुलूप या दोन्ही गोष्टींचा ताळेबंद पुढे एका बाईंनी जुळवला. जोन प्रॉक्टर त्यांचं नाव. शाळेत असताना गणिताच्या तासाला छोटी मगर घेऊन गेलेली ही मुलगी. गणितापेक्षा मगर बरी हे तिला लवकर उमगलं असावं. १९२३ साली त्या लंडनच्या संग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या प्रमुख झाल्या. प्रकृती तोळामासा, पण १९२७ मध्ये नवं सर्पगृह उभं राहिलं ते त्यांच्या आराखड्यावर. विजेची ऊब ज्याला जेवढी हवी तेवढी, सूर्यकिरणांतला गुणकारी भाग अडवणार नाही अशी खास काच, आणि पाहुण्यांच्या बाजूला अंधार. म्हणजे सोय आधी प्राण्याची, मग माणसाची. एक भलाथोरला कोमोडो ड्रॅगन त्यांच्याबरोबर कुत्र्यासारखा फिरायचा. १९३१ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, त्या वारल्या.

आज मँचेस्टरला असलेला माझा भाचा हेच शहाणपण टीव्हीच्या जुन्या कपाटावर चालवतो. भिंतीवरचे चपटे टीव्ही आले आणि ही कपाटं रस्त्यावर आली. त्याने एक उचललं आणि त्यात ऑस्ट्रेलियन दाढीवाला सरडा ठेवला. तिकडे ते कायद्यात बसतं. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर भोकं, म्हणजे हवा खेळती राहते. व्हार्निशचा वास पुरता जाईपर्यंत सरड्याला गृहप्रवेश नाही. एका टोकाला दिवा, तिथे चाळीस अंश. दुसऱ्या टोकाला पंचवीसच्या आसपास. ज्याला जसं वाटेल तसं त्याने सरकावं. अतिनील किरणांची नळी वेगळी, नाहीतर हाडं मऊ पडतात. दिव्याला जाळी, ऊब राखायला थर्मोस्टॅट, आणि पुढे सरकत्या काचेला कुलूप. "मामा, कपाट फुकट मिळालं, बाकी खर्च पगाराएवढा झाला," असं तो फोनवर म्हणाला. त्याची आई म्हणजे आमची ताई एवढंच म्हणाली, "होस्टेलवर होतास तेव्हा तुझ्या खोलीत पंखासुद्धा नव्हता रे!"

आपल्याकडे कुणी लगेच सुतार बोलावू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने नाग, अजगर, घोरपड, स्टार कासव यांना घरी ठेवायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. इतका सगळा खटाटोप करून माणूस जे बनवतो, ते त्यांना रानात एका दगडाच्या उन्हात आणि त्याच दगडाच्या सावलीत आयतं मिळतं.

आणि हौस अगदीच अनावर झाली, तर रात्री भिंतीकडे बघावं. ट्यूबलाइटच्या पट्टीजवळ एक पाल असते. तिथे ऊब आणि किडे. जरा वेळाने ती कॅलेंडरामागच्या गारव्यात जाते. दोन टोकं तिने स्वतःच शोधली आहेत. कुलूप नाही, थर्मोस्टॅट नाही, आणि भाडं तर तिने जन्मात दिलेलं नाही.