हमयाणीतल्या तीन नोटा

परदेशी निघालेला माणूस आज पासपोर्टची झेरॉक्स काढतो, एक कार्ड खिशात आणि दुसरे बॅगेच्या तळाशी ठेवतो. माझे दादामियाँ, म्हणजे आजोबा, 1961 साली केळझरहून हजला निघाले, तेव्हा त्यांच्या कमरेला दादीने शिवलेली हमयाणी होती. तीच त्यांची बँक.

केळझर तुम्हाला ठाऊक असेल ते टेकडीवरच्या गणपतीमुळे. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच आणि भीमाने बकासुर मारला तो इथेच, असे आमच्याकडचे शेंबडे पोरही सांगते. अशा गावातून मक्केला जाणे म्हणजे सगळ्या गावाचा सोहळा. निरोपाला आलेली शेजारची म्हातारी म्हणाली होती, ‘‘हाजीसाब, मले बी घोटभर पाणी आनजा तिकडचं.’’ वर्ध्याहून रेल्वेने मुंबई, तिथे मुसाफिरखान्यात मुक्काम आणि मग मुघल लाइनचे जहाज. ‘मोहम्मदी’, ‘मुजफ्फरी’ ही त्या जहाजांची नावे जुन्या हाजींच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकली आहेत, की ती मला गावातल्या माणसांचीच वाटतात. समुद्रमार्गे हज 1995 पासून बंद झाला. आता आमच्या भागातले लोक नागपूरहून विमानाने जातात.

हमयाणी म्हणजे मांजरपाटाची चार बोटे रुंदीची, नळीसारखी लांब पिशवी. पैसे एका टोकाला गोळा होऊ नयेत म्हणून दादीने मध्ये मध्ये टाके घातले होते. शब्द मूळचा ‘हिमयान’. जुन्या मराठीतही तो होता, आता गेला. हजच्या इहराममध्ये पुरुषाला शिवलेला कपडा चालत नाही, अंगावर फक्त दोन चादरी. पण पैशाचा पट्टा कमरेला बांधायची मुभा शास्त्राच्या जाणकारांनी फार पूर्वीच देऊन ठेवली. भक्तीच्या गर्दीत खिसेकापूही असतो, हे त्यांना पक्के ठाऊक असणार!

आणि वाटेवरची भीती खोटी नव्हती. 1695 च्या सप्टेंबरात औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज हाजी आणि सोनेनाणे घेऊन सुरतेकडे परतत होते. हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने ते लुटले, जहाजावरच्या बायकांचेही हाल केले. खुद्द बादशहाच्या जहाजाची ही गत. बरे, लुटले जायला समुद्रच लागतो असेही नाही. आपले वरसईचे गोडसे भटजी 1857 च्या धामधुमीत उत्तरेत गेले. दक्षिणेची कमाई झाशीच्या लुटीत गेली आणि घरी पोहोचली ती गंगेची कावड.

युरोपीय प्रवाशांनी यावर कागदाचा तोडगा काढला. टॉमस कुक कंपनीने सर्क्युलर नोटा काढल्या, 1891 मध्ये अमेरिकन एक्स्प्रेसचा ट्रॅव्हलर्स चेक आला. एक सही घेताना, दुसरी वटवताना, दोन्ही जुळल्या तरच पैसे. याच टॉमस कुककडे इंग्रज सरकारने 1886 मध्ये हिंदुस्थानातल्या हाजींच्या प्रवासाचेही काम सोपवले होते. काही वर्षांत कंपनीने ते सोडले. पण सहीचा चेक अंगठ्याच्या माणसाला काय कामाचा? दादामियाँ अंगठेबहाद्दर होते.

त्यांच्या वाट्याला आली ती वेगळीच चीज. त्या काळात आपला रुपया आखाती देशांत सर्रास चाले. तिकडे रुपये देऊन सोने घ्यायचे आणि चोरून इकडे आणायचे, असा धंदा बोकाळला. तिकडे साठलेले रुपये परत आले की देशाचे परकीय चलन झिजे. म्हणून 1959 मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटा निघाल्या आणि हाजींसाठी त्याहून वेगळ्या, दहाच्या आणि शंभराच्या. मुंबईत नेहमीचे रुपये द्यायचे, या नोटा घ्यायच्या आणि सौदीत त्यांचे रियाल करायचे. क्रमांकाआधी ‘एचए’ ही इंग्रजी अक्षरे. घरची दहाची नोट जांभळी, ही निळी. आपल्या बाजारात ती चालत नसे. मुंबईच्या खिसेकापूने मारली तरी त्याला तिचा चहासुद्धा मिळाला नसता.

दादामियाँच्या नोटा बदलून आणल्या त्यांच्यासोबत गेलेल्या शेजारगावच्या एका हाजींनी. ते चार बुके शिकलेले होते. त्यांचे नाव इथे घेत नाही.

दादामियाँ 1970 मध्ये गेले. 1972 च्या दुष्काळात अब्बांनी पेटी उघडली, तर हमयाणीत दहा-दहाच्या तीन नोटा. तीस रुपयांत तेव्हा घर किती दिवस चालले असते! अब्बा त्या घेऊन बँकेत गेले. खिडकीतल्या बाबूने उलटसुलट पाहिल्या आणि ‘या चालत नाहीत’ म्हणून परत सरकवल्या. रांगेतला कोणीतरी म्हणाला, नकली असतील. अब्बा तिथून तडक शेजारगावी गेले. त्या हाजींनी शपथ घेऊन सांगितले, ‘‘मुंबईत आम्हाला अशाच मिळाल्या होत्या.’’ अब्बांना पटले नाही. मक्केच्या वाटेवर अमानतीत खयानत केली, असे ते चारचौघांत बोलले. आमच्या फुफीची त्यांच्या पुतण्याशी बोलणी चालली होती, ती तिथेच थांबली. फुफीला कोणी विचारले नाही. पुढे तिला हिंगणघाटला दिले.

2008 मध्ये एका कविसंमेलनासाठी मुंबईला गेलो असता, फोर्टातल्या रिझर्व्ह बँकेच्या चलन संग्रहालयात सहज शिरलो. काचेपलीकडे तीच निळी नोट. खालची चिठ्ठी मी तीनदा वाचली.

घरी येऊन अब्बांना सांगितले. ते त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी त्यांनी तिन्ही नोटा रुमालात बांधल्या आणि मला म्हणाले, चल. ते हाजी जाऊन कितीतरी वर्षे झाली होती. मुलगा घरी होता. अब्बांनी रुमाल त्याच्यापुढे ठेवला आणि हात जोडले. त्याने नोटांना हात लावला नाही, आत चहा सांगितला. निघताना म्हणाला, ‘‘बाप शेवटपर्यंत म्हणत होता, केळझरवाले एक दिवस येतील.’’

पुढच्या ईदला फुफी आली. मी नोट दाखवली. तिने चष्मा लावून ती पुढून पाहिली, मागून पाहिली, मागचे शिडाचे गलबत पाहिले. ‘‘हीच का ती?’’ एवढेच विचारले, नोट माझ्या हातात दिली आणि शेवया ढवळायला चुलीकडे गेली.