रक्ताचा रंग आणि प्रौढत्वाचा अर्थ

हिंसाप्रधान व्हिडिओ गेममध्ये आशय कोणता आणि निव्वळ शैली कोणती, या प्रश्नाची चर्चा बहुधा नीतीच्या अंगाने होते. इतिहासाच्या अंगाने पाहता हा प्रश्न सार्वजनिक वादाचा विषय झाला तो १९९३ साली, अमेरिकेत.

शिकागोच्या मिडवे या कंपनीने १९९२ मध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट’ हा द्वंद्वयुद्धाचा खेळ आणला. त्यातील योद्धे हाताने चितारलेले नव्हते. प्रत्यक्ष नटांच्या चित्रीकरणावरून ते घडविलेले होते. पराभूत प्रतिस्पर्ध्याचा क्रूर वध करण्याची मुभाही विजेत्यास होती. सप्टेंबर १९९३ मध्ये या खेळाच्या घरगुती आवृत्त्या निघाल्या. निंटेंडोच्या आवृत्तीत रक्ताच्या जागी करडा घाम आला व वधाचे प्रकार सौम्य झाले. सेगाच्या आवृत्तीत ठरावीक क्रमाने कळा दाबल्या की रक्त दिसे. मूळ डाव व पात्रे दोहोंकडे तीच होती. तथापि खप सेगाच्या आवृत्तीचा अधिक झाला.

यावरून रक्त हाच त्या खेळाचा आशय होता, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु खेळाची रचना पाहता तो टिकत नाही. वधाचा क्षण येतो तो जयापजयाचा निर्णय लागल्यानंतर. त्याने निकाल बदलत नाही, विजेत्यास काही भोगावेही लागत नाही. ग्राहकाला मोह पडला तो अलंकाराचा. अर्थाची त्यात भर पडली नव्हती.

९ डिसेंबर १९९३ रोजी सिनेटर जोसेफ लीबरमन व हर्ब कोल यांच्या पुढाकाराने सिनेटमध्ये सुनावणी झाली. सरकारी नियंत्रण टाळण्यासाठी व्यवसायाने १९९४ मध्ये स्वतःचे वर्गीकरण मंडळ स्थापिले. त्याच्या ‘मॅच्युअर’ या श्रेणीने सतरा वर्षांची मर्यादा सुचविली. पालकांच्या दृष्टीने ही सोय उपयुक्तच होती. मात्र श्रेणी ठरे ती मुख्यतः पडद्यावर काय दिसते यावरून; परिणामी ‘प्रौढ’ हा शब्द विचाराच्या परिपक्वतेऐवजी वयाचा वाचक झाला. पुढे २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियाचा विक्रीबंदीचा कायदा सात विरुद्ध दोन मतांनी रद्द ठरविला आणि व्हिडिओ गेमला ग्रंथांप्रमाणेच अभिव्यक्तीचे संरक्षण दिले. अर्थात, संरक्षण म्हणजे मूल्यनिर्णय नव्हे.

या दृष्टीने २०१२ मधील, बर्लिन येथे घडविलेला ‘स्पेक ऑप्स : द लाइन’ उद्बोधक आहे. बाह्यतः तो रूढ युद्धखेळच होय. वाळूत गाडल्या गेलेल्या दुबईत खेळाडू दुरून, पडद्यावरील पांढऱ्या ठिपक्यांवर फॉस्फरसचा मारा करतो. नंतर त्याच वाटेने त्याला चालावे लागते, आणि जळालेल्यांत आश्रयास आलेले नागरिक होते हे उमगते. येथेही हिंसा भीषणच आहे. पण आधीच्या कृतीचा अर्थ ती पालटून टाकते. अर्थात तो मारा टाळण्याचा मार्गच खेळाडूस ठेवलेला नाही, त्यामुळे त्याच्यावर येणारा दोष काहीसा लादलेला वाटतो, हा आक्षेप रास्त आहे.

या दोन खेळांतील भेद रक्ताच्या प्रमाणाचा नाही. एकात कृती संपताच हिंसा संपते. दुसऱ्यात कृती संपल्यावर तिचा हिशेब सुरू होतो. प्रौढत्वाचा निकष शोधावयाचा तर तो या हिशेबातच शोधावा लागेल. वेष्टनावरील अक्षर केवळ खेळाडूचे वय सांगते.