खाजगी सुरक्षारक्षक, परदेशस्थ
मोबदला घेऊन परमुलखात शस्त्र बाळगणारा कंत्राटी इसम. 2003 नंतर इराकमध्ये गेलेल्या पाश्चात्त्य माजी सैनिकांच्या हेतूंत द्रव्याबरोबरच साहसाची ओढ व लष्करी बंधुभावाची हुरहुर होती. परंतु त्याच छावण्यांच्या फाटकांवर उभे राहणारे युगांडी वा नेपाळी पहारेकरी, जे बहुधा घरची ददात भागविण्यासाठी, कित्येकदा दलालाचे कर्ज डोक्यावर घेऊन आले होते, ते वस्तुतः स्थलांतरित मजूरच होत, आणि दोहोंस ‘पैशासाठी गेलेले’ या एकाच सदरात घालणे अन्यायाचे आहे. ऑगस्ट 2004 मध्ये तेथे ठार मारले गेलेले 12 नेपाळी तर निःशस्त्र कामगार होते. मजुराचा पासपोर्ट अनेकदा मालकाच्या कपाटात बंद असे. उलट परदेशी कंत्राटदारांना, कामापुरते का होईना, इराकी कायद्यापासून अभय देणारा, अमेरिकाप्रणीत हंगामी प्रशासनाचा हुकूम क्र. 17 जारी होता. अमेरिकन कंत्राटदारांचे हे अभय 1 जानेवारी 2009 पासून संपुष्टात आले.