१९ चे दोन तृतीयांश किती?

माझ्या प्रबंधातल्या एका प्रकरणाचा सगळा डोलारा एका अपूर्णांकावर उभा आहे. म्हणून आज नायजेरियाबद्दल.

१९६० मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा या देशाने ब्रिटिश वळणाची संसदीय पद्धत घेतली. प्रांत तीन, त्यातला उत्तर प्रांत बाकीच्या दोघांपेक्षा मोठा. प्रत्येक मोठा पक्ष आपल्या प्रांतात घट्ट. दुसऱ्याच्या दारात मतं मागायला जाण्याची फारशी गरजच नव्हती. १९६६ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, पुढच्या वर्षी बियाफ्राचं यादवी युद्ध पेटलं.

१९७९ च्या राज्यघटनेमागे हीच आठवण होती. आता अध्यक्षीय पद्धत आली, सोबत एक अट: सर्वांत जास्त मतं पुरेशी नाहीत, किमान दोन तृतीयांश राज्यांत प्रत्येकी एक चतुर्थांश मतंही हवीत. राज्यं होती १९. आणि १९ ला तीनने भाग जात नाही!

शेहू शगारींनी १२ राज्यांत ही रेघ ओलांडली. तेराव्या, कानोमध्ये, मिळाली जेमतेम २० टक्के. निवडणूक आयोग म्हणाला, १९ चे दोन तृतीयांश म्हणजे बारा पूर्णांक दोन तृतीयांश. तेव्हा कानोच्या दोन तृतीयांश मतांची चौथाई मिळाली की झालं. प्रतिस्पर्धी ओबाफेमी अवोलोवो कोर्टात गेले: राज्याचे तुकडे कसे करणार? सर्वोच्च न्यायालयाने शगारींची निवड कायम ठेवली. न्यायमूर्ती कायोदे एसो यांनी मात्र भिन्न मत नोंदवलं. मला एसोंचा निष्कर्ष पटतो. कानोची एकूण मतं दोन तृतीयांश धरायची, तर शगारींची तिथली मतंही तशीच धरा की. मग चौथाई भरत नाही.

या वादात एक गोष्ट झाकली जाते. अवोलोवोंना ओंडोत ९० टक्क्यांहून जास्त मतं पडली, पण चौथाईची अट ते सहाच राज्यांत पूर्ण करू शकले. शगारी उत्तरेतले, तरी दक्षिणेतल्या रिव्हर्स आणि क्रॉस रिव्हरमध्ये पहिले आले. म्हणजे कलमाने आपलं काम चोख केलं. प्रत्येक राज्याचा किमान एक मंत्री हवा, हेही याच घटनेत होतं, त्यामुळे वाटणी थेट मंत्रिमंडळात शिरली. तेलाच्या किमती घसरल्यावर वाटायला फार उरलं नाही, आणि ३१ डिसेंबर १९८३ ला लष्कर परत आलं.

१९९९ च्या घटनेतही ही अट आहे. आता राज्यं ३६, त्यामुळे २४ चा हिशेब सरळ. पण त्यात ‘आणि राजधानी अबुजा’ असं जोडलंय. २०२३ मध्ये बोला टिनुबूंना अबुजात चौथाई मिळाली नाही, तेव्हा प्रकरण पुन्हा कोर्टात. या वेळी वाद त्या ‘आणि’चा. तिथेही जिंकलेला उमेदवारच टिकला.