मीरतचा इंग्रज आरोपी

१८५३ साली ठाण्यापर्यंत आणि १८५४ साली कल्याणपर्यंत जी. आय. पी. रेल्वे पोचली, ती इंग्रजांच्या भांडवलावर. पाऊणशे वर्षांनी त्याच रेल्वेच्या कामगारांच्या संघटनेत काम करावयास एक इंग्रजच पुढे आला, याचे मला मोठे नवल वाटते. बेन ब्रॅडली त्याचे नाव. साम्राज्यशाही विलायतेतल्या मजुराचीही वैरीण आहे, अशी या कम्युनिस्टाची श्रद्धा होती.

२० मार्च १९२९ रोजी डांगे, जोगळेकर, मिरजकर, निंबकर यांच्याबरोबर त्यालाही पकडून मीरतेस नेण्यात आले. जूनमध्ये विलायतेत मजूर पक्ष अधिकारारूढ झाला. पंतप्रधान मॅक्डोनल्ड यांनी आदल्याच वर्षी, हिंदुस्थानला काही महिन्यांतच वसाहतीचे स्वराज्य मिळेल, अशी आशा बोलून दाखविली होती. परंतु खटला काही थांबला नाही. १९३३ च्या जानेवारीत ब्रॅडलीला दहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पुढे हायकोर्टाने ती घटविली.

एकाच मजूर चळवळीतले हे दोघे. एक सत्तेवर, दुसरा गजांआड. पक्षाचे परराष्ट्रधोरण विरोधी बाकांवरच्या भाषणांवरून जोखू नये. तुरुंगाच्या किल्ल्या हाती आल्यावर तो काय करतो, ते पाहावे.