इतिहासाच्या तासाला चिठ्ठ्यांचा डाव



आठवीत असताना मी अफझलखान झालो होतो. शाळेच्या गॅदरिंगमध्ये प्रतापगडाचा प्रवेश बसवायचा होता आणि भूमिका वाटताना सरांना फारसा विचार करावा लागला नाही. वर्गात मुसलमान मुलगा मी एकटाच. अंगाने मात्र काडी. मग पोटावर उशी बांधली, अम्मीचा सुरमा डोळ्यांत घातला आणि खान उभा राहिला. मेलोही झकास. टाळ्या पडल्या. पुढच्या वर्षी आग्र्याहून सुटका होती, तेव्हा मी औरंगजेब. त्याच्या पुढच्या वर्षी शाहिस्तेखान, बोटांना लाल रंग लावून. नंतर नंतर तर संमेलनाची तारीख फळ्यावर लागली की मुलेच विचारायची, "यंदा तू कोण?"

तक्रार म्हणून हे सांगत नाही. त्या सरांच्या मनात काही वाकडे नव्हते; कवितेसाठी पहिली कोरी वही मला त्यांनीच दिली. पण त्याच वयातला दुसरा एक खेळ आठवतो. शेजारी पुण्याकडून बदलून आलेले पोस्टातले कुटुंब राहायचे. दिवाळीत त्यांच्या अंगणात मातीचा किल्ला होई. दगड, फुटक्या विटा, वर ओली पोती, त्यावर चिखल आणि चिखलात पेरलेली मोहरी. माझ्याकडे बुरूज असत. दरवाजा समोरून दिसता कामा नये, वाट बुरुजाला वळसा घालूनच आली पाहिजे, यावर मी तासन्‌तास भांडलेलो आहे. गडाला असा दरवाजा का असतो, हे पुस्तकात नंतर वाचले. हाताला ते आधीच ठाऊक होते. आणि तिथे मला कुणी विचारले नाही, की तू कोणत्या बाजूचा.

हे दोन्ही खेळ मी विसरून गेलो होतो. चाळीसेक वर्षांनी ते एकदम आठवले ते आमच्या शहरातल्या एका माध्यमिक शाळेत. कवितेच्या कार्यशाळेसाठी गेलो होतो. इतिहासाच्या बाई म्हणाल्या, "कविता दुपारी घ्या. आधी माझ्या तासाला बसा. दहावीची उजळणी चाललीय."

दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून चाळीस गुणांची प्रश्नपत्रिका. त्यासाठी २०१८ साली जे नवे पाठ्यपुस्तक आले त्यात 'खेळ आणि इतिहास' या नावाचा एक धडाच आहे. बाई हसून म्हणाल्या, "खेळावरचा धडा बाकावर हाताची घडी घालून शिकवायचा, हा कुठला न्याय?" त्याच पुस्तकातले पहिले दोन धडे इतिहासलेखनाचे आहेत. इतिहासाची साधने तपासून घ्यावीत, त्यांना प्रश्न विचारावेत, असे सगळे त्यात आहे आणि मुले ते पाठ करतात. बाईंचे म्हणणे एवढेच होते, की पाठ करण्याआधी एकदा करून तर बघू द्या.

वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली होती. पन्नास वर्षांना एक हात, असे माप. मुलांनी पुस्तक बंद ठेवून, आठवेल त्या घटनेची चिठ्ठी लिहायची आणि दोरीवर योग्य ठिकाणी चिमट्याने लावायची. सुरुवातीला १२९६, देवगिरीवर अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी. मग १३२७, देवगिरीचे दौलताबाद. १६१०, मलिक अंबरने खडकी वसवली, म्हणजे आमचे शहर. शिवछत्रपतींचे आयुष्य १६३० ते १६८०, दोरीवर बरोबर एक हात. त्या एका हातात चिठ्ठ्यांची एवढी दाटी झाली, की चिमटे संपले. आणि पुढे १७२४ ते १९४८ हा हैदराबादच्या आसफजाही राजवटीचा काळ. साडेचार हात दोरी, आणि त्यावर मोजून तीन चिठ्ठ्या. दोन टोकांच्या दोन आणि मध्ये १८०३ ची असईची लढाई, तीसुद्धा असई इथून जवळ, जालना जिल्ह्यात, म्हणून.

मुले त्या मोकळ्या दोरीकडे बघत राहिली. एका मुलीने विचारले, "बाई, इथे आपले लोक काय करत होते?"

बाईंनी उत्तर दिले नाही. घरून घेऊन या, म्हणाल्या. आठवड्याभरात कुणी हाली सिक्का आणला, म्हणजे हैदराबाद संस्थानचे नाणे. एका मुलाने आजोबांच्या पेटीतला जमिनीचा कागद आणला. घरात कुणालाच तो वाचता येत नव्हता, कारण संस्थानचा कारभार उर्दूत चाले. मला निरोप आला. उर्दू मला आजोबांनी शिकवलेली. पण कागद शिकस्ता अक्षरात, म्हणजे घाईघाईच्या, मोडक्या लिपीत. (आपली मोडी आणि ही शिकस्ता, दोन्ही नावांत मोडण्याचाच भाव आहे, हे मला फार आवडते.) अडखळत वाचला. मराठा शेतकऱ्याच्या शेताच्या चतुःसीमा होत्या. विहीर कुठे, ओढा कुठे, बांधाला कोण. मुलगा म्हणाला, "ती विहीर अजून आहे." पुढे २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि उर्दू, मोडी वाचणारी माणसे शोधावी लागली, तेव्हा मला त्या पोराचा चेहरा आठवला.

उजळणीचे किरकोळ खेळही होते. ऐतिहासिक नावांच्या भेंड्या, 'नाव-गाव-फळ-फूल' ऐवजी 'नाव-गाव-गड-साल'. त्यांवर फार बोलत नाही. कुणालाही सुचतील असे आहेत आणि उपयोगाचेही आहेत. तोच धडा चौथ्यांदा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून एकदा आठवून पाहिले, की जास्त टिकते, हे प्रत्येक आईला माहीत असते.

मी ज्यासाठी आज बोलायला बसलो तो खेळ चिठ्ठ्यांचा. बाईंनी दहा जणांना पुढे बोलावले आणि डब्यातून एकेक चिठ्ठी उचलायला लावली. चिठ्ठीवर माणसाचे नाव. मलिक अंबर, शहाजीराजे, त्यांचे धाकटे बंधू शरीफजी, लखुजी जाधवराव, विजापूरचा सरदार मुल्ला महंमद लारी, मोगलांचा लष्करखान. उरलेल्या चिठ्ठ्यांवर नाव नव्हते; कुठे भिस्ती, कुठे तोफ ओढणारा, कुठे बैल हाकणारा. सांगितले एवढेच, की उद्या सकाळी लढाई आहे, आपापल्या बाजूला उभे राहा.

अर्ध्या मिनिटात दोन रांगा झाल्या. शहाजीराजे, शरीफजी, लखुजी इकडे. मलिक अंबर, लारी, लष्करखान तिकडे. बैल हाकणारा बिचारा मध्येच. मी मागच्या बाकावर बसलेलो. खरे सांगतो, माझ्या पोटावर कुणी तरी पुन्हा उशी बांधली.

बाई शांतपणे म्हणाल्या, "दोन्ही रांगा चूक."

गडबड उडाली. मुलांनी नात्यांवरून मांडून पाहिले. लखुजी म्हणजे जिजाऊंचे वडील, शहाजीराजांचे सासरे, ते तर एकत्रच असणार. तेही चूक. मग बाई एकेक धागा देऊ लागल्या. साल १६२४. ठिकाण नगरजवळचे भातवडी. वाचवायची आहे ती अहमदनगरची निजामशाही. निजामशाहीची सूत्रे कुणाच्या हाती? मुले पुस्तकात शिरली, एकमेकांच्या अंगावर ओरडली, आणि वीस मिनिटांनी रांगा लागल्या त्या अशा. एका बाजूला आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकत विकत दख्खनला आलेला मलिक अंबर, आणि त्याच्या शेजारी शहाजीराजे नि शरीफजी. समोर मोगल आणि आदिलशाही फौजा, आणि त्यांच्यात, आधीच मोगलांना जाऊन मिळालेले लखुजी जाधवराव. लखुजींची चिठ्ठी जिच्या हातात होती ती मुलगी म्हणाली, "म्हणजे मी जावयाशी लढू?" सगळा वर्ग हसला. ती हसली नाही. तिला ते खरेच पटत नव्हते.

अंबरने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या तळावर पाणी सोडले असे सांगतात. तो जिंकला. शरीफजी त्या लढाईत पडले. शहाजी आणि शरीफजी ही नावे नगरच्या शाह शरीफ या पिराच्या नवसाने ठेवली गेली अशी परंपरा आहे. हे ऐकून एका मुलाने हातातली चिठ्ठी पुन्हा उघडून पाहिली, जणू नाव नव्यानेच वाचायचे होते.

भातवडीवर बोर्डात प्रश्न येणार नाही हे बाईंना माहीत होते. पण प्रश्नपत्रिकेत 'चुकीची जोडी ओळखा' असा प्रश्न असतो ना, त्याची यापेक्षा चांगली तालीम मी पाहिलेली नाही.

दुसऱ्या डावात एकच चिठ्ठी आणि पूर्ण वर्ग. नेताजी पालकर. बाई साल पुकारणार आणि ज्याच्याकडे चिठ्ठी आहे त्याने चालायचे. आधी महाराजांच्या बाकाशी. १६६६, विजापूरकरांच्या बाकाकडे. थोड्याच दिवसांत मोगलांकडे. मग धर्मांतर, नाव महंमद कुलीखान, आणि रवानगी काबूलकडे. काबूल म्हणजे वर्गाबाहेरचा व्हरांडा. तिथे त्याला बरेच उभे केले. १६७६ पुकारले तेव्हा तो आत आला आणि महाराजांच्या बाकाशी थांबला. कुणी तरी विचारले, "इतक्या वर्षांनी घेतले त्याला परत?" घेतले, बाई म्हणाल्या. आणि खडू ठेवला.

एक दिवस सहलही झाली, लांब नव्हे, बीबी का मकबऱ्याला. कागदावर एकच प्रश्न होता, हा कुणी बांधला? पुस्तकी उत्तर सोपे आहे. पण दरवाजावर दोन नावे कोरलेली आहेत ती शोधायची होती. अताउल्ला आणि हंसपतराय. एक रचनाकार, एक अभियंता. मग गणित. फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये याने वाटेत संगमरवराने भरलेल्या तीनशे गाड्या पाहिल्याचे लिहून ठेवले आहे, लहानातल्या लहान गाडीलासुद्धा बारा बैल. म्हणजे कमीत कमी ३,६०० बैल. त्यांना कडबा कुठून आला, पाणी कुठले? पाण्याचा प्रश्न आमच्या मुलांना चटकन कळतो. मलिक अंबरने डोंगरातून नहर आणली त्या शहरात, नळाला रोज पाणी येणे ही गोष्ट कित्येक वर्षे इतिहासजमाच होती.

परतताना बसमध्ये पाकिटांचा खेळ. पाकिटावर गावाचे नाव वाचायचे आणि पत्र कोणत्या काळातले ते सांगायचे. 'खडकी' असेल तर १६१० नंतरचे. 'औरंगाबाद' असेल तर १६५३ नंतरचे आणि २०२३ च्या आधीचे. 'छत्रपती संभाजीनगर' असेल तर २०२३ नंतरचे सरकारी. मुलांनी लगेच पळवाट काढली, आमच्या आजीच्या पत्रावर अजून जुनेच असते. बाई म्हणाल्या, "मग तारखेचा शिक्का बघा. साधन तपासून घ्या." नावांबद्दल माझे मत काय, हे आकाशवाणीच्या पंधरा मिनिटांत बसणारे नाही.

एका गोष्टीचा खेळ मात्र बाईंनी केला नाही, आणि मला ते फार बरोबर वाटले. सप्टेंबर १९४८. मराठवाडा मुक्त झाला. वर्गातल्या कुणाच्या घरी त्या दिवसाची आठवण झेंड्याची आहे, कुणाच्या घरी रझाकारांच्या भीतीची, आणि माझ्या दादीसारख्या कुणाची त्यानंतरच्या रात्रींची. तिथे दोन रांगा लावायच्या नसतात. बाईंनी मुलांना फक्त एक माणूस ओळखायला दिला, शोएबुल्ला खान. हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू दैनिकाचा संपादक. संस्थानने भारतात सामील व्हावे असे लिहिले म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्याचा खून झाला. नाव वाचून दाखवले, साल सांगितले, आणि घरी जाऊन वडीलधाऱ्यांजवळ बसा, म्हणाल्या. मध्ये बोलू नका. लिहून आणलेच पाहिजे असेही नाही.

डिसेंबरात गॅदरिंग आले. पुन्हा प्रतापगड. बाईंना मी माझ्या उशीची गोष्ट सांगितली होती. त्यांनी भूमिकांच्याही चिठ्ठ्याच केल्या. महाराजांबरोबरच्या अंगरक्षकांतला सिद्दी इब्राहिम, खानाचा वकील कृष्णाजी भास्कर, सगळे त्या डब्यात. सनाला कृष्णाजी भास्कर आला आणि ती धोतर नेसायला मिळणार म्हणून खूश होती. अफझलखान आला ओंकारला. अंगाने तोही काडीच. चिठ्ठी हातात घेऊन तो माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "सर, बाई म्हणाल्या तुम्हाला अनुभव आहे. उशी घसरत नाही ना?"

मी त्याला सांगितले, दोरीने बांधू नकोस, दोरीने घसरते. आईची जुनी ओढणी घे, दोन वेढे दे, आणि गाठ पाठीमागे मार.