पोलादाचं गाव आणि सेन्सेक्सचा आकडा

आजचा भाग मी भिलाईहून करतोय. महाराष्ट्रातल्या प्रेक्षकांसाठी आधी रस्ता सांगतो. नागपूरहून हावड्याच्या दिशेने निघालेली गाडी गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग अशी स्टेशनं मागे टाकते आणि मग धुराडी दिसायला लागतात. ते भिलाई. तुम्ही ज्या रुळांवरून इथवर आलात, ते बहुधा इथेच बनलेले असतात, कारण भारतीय रेल्वेला रूळ पुरवणारा सगळ्यात मोठा कारखाना हाच.

आता एक गंमत बघा. रोज संध्याकाळी बातम्यांत सांगतात, सेन्सेक्स इतका वर गेला, निफ्टी इतका खाली आला, म्हणजे देशाच्या उद्योगाची तब्येत अशी आहे. पण सेन्सेक्सच्या तीस कंपन्यांत भिलाईचा कारखाना नाही आणि निफ्टीच्या पन्नासांतही नाही. देशभर रूळ अंथरणारा कारखाना देशाच्या उद्योगाचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आकड्यात का नसावा? याचं उत्तर शोधायला सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं, आणि ती वाट नागपूरवरूनच जाते.

जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली ती १८७७ साली. पुढे चांदा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या चंद्रपुरातल्या, लोहारा इथल्या लोखंडाच्या दगडाबद्दलचा एका जर्मन भूशास्त्रज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला आणि पोलादाचा ध्यास तिथून सुरू झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचे चिरंजीव दोराबजी याच कामासाठी नागपुरात आले होते. साहेबाची भेट होईपर्यंत वेळ होता म्हणून ते समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथे मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा लावलेला होता आणि दुर्ग जिल्ह्यावर लोखंडाची गडद खूण होती. ही नोंद भूशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांच्या पाहणीतली.

मग टाटांची माणसं डल्ली आणि राजहराच्या डोंगरांवर पोचली. दगड उत्तम होता, पण पोलादाला नुसता दगड पुरत नाही. कोळसा लागतो, भरपूर पाणी लागतं, आणि दोन्ही त्या काळी परवडेल इतकं जवळ नव्हतं. तेवढ्यात बोस यांनीच मयूरभंजच्या लोखंडाबद्दल कळवलं आणि कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला गेला. डल्ली राजहराचे डोंगर तसेच उभे राहिले.

आता पैशाची बाजू बघा. टाटांनी आधी लंडनमध्ये भांडवल शोधलं. तिथे जमलं नाही. १९०७ साली मुंबईत शेअर विक्रीला काढले. स्वदेशी चळवळीचे दिवस होते. तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार भारतीयांनी सगळं भांडवल उभं केलं. म्हणजे टाटांची पोलाद कंपनी जन्मली तीच शेअरबाजारात, लोकांच्या हातात शेअर देऊन.

भिलाईचा जन्म वेगळा. स्वातंत्र्यानंतर सरकारने पोलाद आपल्या हाती घेतलं. १९५४ साली हिंदुस्तान स्टील ही सरकारी कंपनी निघाली. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, वर्षाला दहा लाख टन पोलादाच्या कारखान्याचा. तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती, आणि मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल यांनी भिलाईचा आग्रह धरला होता. पन्नास वर्षांपूर्वी टाटांनी सोडलेले तेच डल्ली राजहराचे डोंगर आता कामी आले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. पैसा सरकारी तिजोरीतला आणि रशियाच्या कर्जातला. शेअरबाजाराशी या कारखान्याचा काडीचा संबंध नव्हता.

हे लक्षात ठेवा. एका कंपनीची किंमत रोज बाजारात ठरत होती. दुसऱ्या कारखान्याची किंमत कोणी विचारतच नव्हतं. तो किती टन काढतो, एवढंच विचारलं जायचं.

आता निर्देशांकाकडे वळू. ही कल्पना अमेरिकेतली. चार्ल्स डाऊ यांनी १८९६ साली बारा कंपन्यांच्या भावांची सरासरी काढून छापायला सुरुवात केली. शेकडो शेअर रोज वरखाली होतात, त्यातून एकूण वारा कुठे वाहतोय ते एका आकड्यात कळावं, एवढाच हेतू. आपल्याकडे मुंबई शेअरबाजाराने १९८६ च्या जानेवारीत तीस कंपन्यांचा निर्देशांक सुरू केला. १९७८-७९ हे वर्ष पाया धरलं आणि त्या वर्षाचा आकडा १०० मानला. ‘सेन्सिटिव्ह’ आणि ‘इंडेक्स’ हे दोन शब्द जोडून त्याला सेन्सेक्स हे नाव दिलं बाजाराचे अभ्यासक दीपक मोहोनी यांनी, असं मानलं जातं. त्या पहिल्या तीसांत टाटांची टिस्को होती. भिलाई असण्याचा प्रश्नच नव्हता. ज्याचा शेअर बाजारात नाही, त्याचा भाव निर्देशांक धरणार कुठून?

१९९१ नंतर चित्र बदललं. तोवर भिलाई, राउरकेला, दुर्गापूर, बोकारो हे सगळे सेल या एका सरकारी कंपनीखाली आले होते. ती १९७३ साली स्थापन झाली होती. नव्वदच्या दशकात सरकारने सेलचे थोडे शेअर विकले आणि भिलाईच्या घामाला पहिल्यांदा बाजारभाव आला.

तो भाव फार लहरी निघाला. १९९८-९९ साली सेलला दीड हजार कोटींहून जास्त तोटा झाला. त्या मंदीच्या काळात दहा रुपये दर्शनी किमतीचा शेअर दहाच्याही खाली मिळत होता. मग चीनची मागणी वाढली, जगभर पोलाद महागलं आणि २००४-०५ साली याच कंपनीने सहा हजार कोटींहून जास्त नफा कमावला. भट्ट्या त्याच होत्या आणि माणसंही तीच, उलट निवृत्ती योजनेमुळे कमी झालेली. सेल निफ्टीत होती ती याच भरभराटीच्या काळात. २००७ च्या अखेरीस शेअर अडीचशे रुपयांच्या वर गेला होता.

आणि मग २८ सप्टेंबर २०१२ ला सेल निफ्टीतून बाहेर पडली. तिच्याबरोबर स्टरलाइट इंडस्ट्रीजही. त्यांच्या जागी ल्युपिन आणि अल्ट्राटेक सिमेंट आल्या. कारण काय? भट्ट्या बंद पडल्या होत्या का? नाही.

एक कारण सरळ आहे. २००८ च्या जागतिक मंदीनंतर पोलादाचे शेअर उतरले होते. पण दुसरं कारण निर्देशांकाच्या हिशेबात आहे. मंडईत कांद्याचा भाव आवकेवर ठरतो. शेतकऱ्याच्या चाळीत कितीही कांदा पडलेला असो, तो विक्रीला आला नाही तर त्या दिवसाच्या उलाढालीत धरत नाहीत. शेअरचंही तसंच करायचं, असं बाजाराने ठरवलं. कंपनीचे एकूण शेअर मोजायचे नाहीत. मालक किंवा सरकार ज्यांना हात लावत नाही ते बाजूला ठेवायचे आणि उरलेले, खरोखर खरेदी-विक्रीला मोकळे असलेले, तेवढे धरायचे. याला फ्री फ्लोट म्हणतात. सेन्सेक्सने ही पद्धत २००३ साली घेतली, निफ्टीने २००९ साली.

२०१२ साली सेलचे जवळजवळ ८६ टक्के शेअर सरकारच्या हातात होते. म्हणजे शंभरातले फक्त चौदा मोजणीत. भिलाईच्या शंभर टन पोलादातले चौदा टन तेवढे खरे, असं म्हणण्यासारखंच हे. हिशेबात चूक काहीच नाही. गुंतवणूकदाराला जे विकतच घेता येत नाही ते आकड्यात घालून काय करायचं? पण निर्देशांक काय मोजतो ते यातून स्पष्ट होतं. तो विक्रीला ठेवलेली मालकी मोजतो. कारखाना किती मोठा, त्याच्यावर किती घरं चालतात, हे तो विचारत नाही.

तुम्ही म्हणाल, यादीत नसलं तर बिघडलं कुठे? पूर्वी फारसं बिघडत नसे. निर्देशांक हा तापमापक होता, तापमापकाने ताप येत नाही. हे बदललं १९७६ साली. अमेरिकेत जॉन बोगल यांनी सामान्य लोकांसाठी इंडेक्स फंड काढला. हुशारीने शेअर निवडायचेच नाहीत, यादीत जे आहे ते त्याच प्रमाणात घ्यायचं. खर्च कमी, डोकेदुखी कमी. सुरुवातीला लोक हसले. पुढे यात अफाट पैसा आला.

आता तापमापकच औषध देऊ लागला. यादीत मोठ्या कंपनीचं वजन जास्त, म्हणून फंडात येणाऱ्या प्रत्येक रुपयातला मोठा वाटा तिच्याकडे जातो. नीट समजून घ्या, हा पैसा थेट कंपनीच्या तिजोरीत जात नाही, शेअर विकणाऱ्याला मिळतो. पण गिऱ्हाईक कायम असलं की भाव टिकतो. भाव चांगला असला की कंपनीला नवं भांडवल कमी शेअर देऊन उभारता येतं. यादीतल्या मोठ्यांना निर्देशांकाचा आधार मिळतो तो असा.

आपल्याकडे २०१५ च्या ऑगस्टमध्ये कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेनेही नव्याने येणाऱ्या पैशातले ५ टक्के अशा फंडांत घालायला सुरुवात केली. पुढे ते प्रमाण १५ टक्क्यांपर्यंत गेलं. भिलाईच्या आजूबाजूच्या छोट्या खासगी कारखान्यात काम करणाऱ्या, त्या संघटनेकडे खातं असलेल्या माणसाच्या पगारातून कापलेल्या पीएफमधले काही रुपये सेन्सेक्स आणि निफ्टीच्या फंडांत जातात. तिथून ते मोठ्या बँका, सॉफ्टवेअर कंपन्या, तेलाच्या कंपन्या यांच्या शेअरमध्ये वाटले जातात. ज्या पोलादावर त्याचा कारखाना चालतो, त्या सेलच्या वाट्याला त्या यादीतून काही येत नाही.

यादी न्याय करते असंही समजू नका. टाटा स्टीलला २०२० च्या डिसेंबरात सेन्सेक्समधून काढलं आणि पुढच्याच जूनमध्ये परत घेतलं. मधल्या सहा महिन्यांत पोलादाचे भाव भडकले होते. यादी नेहमी मागून येते, वाढून झालेल्याला आत घेते आणि पडून झालेल्याला बाहेर काढते. अमेरिकेची यूएस स्टील १९०१ साली डाऊच्या यादीत आली आणि १९९१ साली बाहेर पडली. त्या नव्वद वर्षांत अमेरिका पोलादाचा देश होती ती बँकांचा आणि करमणुकीचा देश झाली. यूएस स्टील ज्या वेळी गेली त्याच वेळी डिस्ने आत आली, यावरून काय ते समजा.

आणि भिलाई? निफ्टीतून बाहेर पडल्यावरच इथे नवी रेल्वे रूळ मिल आली. तिथे १३० मीटरचा एकसंध रूळ निघतो आणि दोन जोडून २६० मीटरचा होतो. ‘महामाया’ ही आठवी झोतभट्टी २०१८ साली पेटली. सरकारने २०१३, २०१४ आणि २०२१ साली आपला हिस्सा थोडाथोडा विकून ६५ टक्क्यांवर आणला. २०१३ ची विक्री तर त्रेसष्ट रुपयांच्या आसपासच्या भावाने झाली. तो पैसा केंद्राच्या तिजोरीत गेला, भिलाईत आला नाही.

भिलाईतला निवृत्त होणारा माणूस हातात ग्रॅच्युइटी आली की हमखास विचारतो, ‘आपलाच’ शेअर घेऊ का इंडेक्स फंड? सल्ला देणं माझं काम नाही, पण इतिहास एवढं सांगतो. ज्याचा पगार, क्वार्टर आणि मुलांची शाळा चाळीस वर्षं पोलादावर चालली, त्याने बचतही पोलादातच ठेवली तर मंदीत सगळं एकदमच खाली येतं. १९९८ पासूनची ती वर्षं इथल्या जुन्या माणसांना पाठ आहेत. त्यापुढे निर्देशांकाचं विखुरलेलं ओझं हलकं असतं. मात्र ते घेताना आपण देश विकत घेतोय असं समजू नये. आपण देशातल्या विक्रीला असलेल्या मोठ्या मालकीचा एक तुकडा घेतो, आणि त्या तुकड्यात भिलाई नाही.

म्हणून सेन्सेक्सने नवा उच्चांक गाठला असं ऐकाल, तेव्हा ती त्या तीस कंपन्यांची बातमी आहे इतकंच धरा. रुळांची बातमी हवी असेल तर भिलाईने या वर्षी किती टन काढले ते विचारा. तो आकडाही जाहीर होतो, फक्त संध्याकाळच्या बातम्यांत कोणी वाचून दाखवत नाही.